वेल्श पोनी शिकतो का? नको तेवढं शिकतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी ८ वर्षांची, दोन वर्षं रायडिंग शिकतेय, आता स्वतःचा पोनी घ्यायचाय. बघितलाय तो वेल्श सेक्शन ए, म्हणजे वेल्सच्या पोनींमधला सगळ्यात लहान प्रकार, वय ६, गेल्डिंग म्हणजे खच्ची केलेला, उंची ११.३ हँड (हँड हे घोड्याची उंची मोजायचं माप, खाली सांगते). बघायला गेलात तेव्हा अगदी गरीब गाय वाटला, आणि यार्डात, म्हणजे तबेल्यावर, सांगितलंत तर तिघीजणींनी कपाळाला हात लावला, की वेल्श नको गं बाई, हुशार असतात पण ऐकत नाहीत, पोरीला रडवेल. तर वेल्शचा स्वभाव खरंच कसा असतो आणि तो ट्रेन होतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी वेल्सच्या सीमेजवळ गेली वीसेक वर्षं हेच काम करते, म्हणजे कोवळे पोनी ब्रेक करायचे, पहिल्यांदा माणसाची आणि कामाची सवय लावायची, आणि बिघडलेले पोनी परत वळणावर आणायचे, आणि दुसऱ्या प्रकारचं काम पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त येतं. त्यात वेल्श खूप. म्हणजे तुमच्या यार्डातल्या बायका अगदीच खोटं बोलत नाहीयेत. पण त्यांचा निष्कर्ष उलटा आहे. वेल्श पोनी शिकत नाही हा प्रॉब्लेमच नाही, तो फार पटकन शिकतो हा प्रॉब्लेम आहे, आणि त्याला चांगलं काय वाईट काय ते कळत नाही, त्याला एवढंच कळतं की आपण काय केलं आणि त्याबरोबर त्रास थांबला. आपल्याकडे शब्दच आहे अडेलतट्टू, म्हणजे तट्टू म्हटलं की अडणारच असं भाषेनेच ठरवून टाकलंय. माझ्याकडे आलेले जे अडणारे होते त्यातले बहुतेक कुणीतरी अडायला शिकवलेले होते, मुद्दाम नाही, न कळत, रोज थोडं थोडं.

हे असं का, ते समजायला हा प्राणी कुठून आला ते बघावं लागतं. सेक्शन ए म्हणजे वेल्श माउंटन पोनी, डोंगरातला. थंडी, पाऊस, दगड, दलदल, खायला जेमतेम, आणि माणसाचं लक्ष वर्षातून एकदोनदा. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने लढाईला मोठे घोडे हवेत म्हणून कायदे केले, १५ हँडच्या खालचे स्टॅलियन, म्हणजे खच्ची न केलेले नर, बऱ्याच भागांत सामाईक कुरणावर सोडायचे नाहीत वगैरे, पण डोंगरात जाऊन कोण पकडणार, त्यामुळे हे टिकले. अशा जागी जो बावळट तो मरतो. पाय टाकायच्या आधी जो जमीन हुंगून बघतो, एकदा फसलेली जागा जो लक्षात ठेवतो, चारा कुठे आणि आडोसा कुठे हे ज्याला पाठ असतं, तोच राहतो आणि त्याचीच पिल्लं होतात. तीच स्मरणशक्ती आणि तोच संशयी स्वभाव तुमच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपण घातलेल्या छोट्या कुरणात, येतो. फक्त इथे दलदल नाही, इथे तुमची मुलगी आहे, आणि तो तेवढ्याच काळजीने तिचा अभ्यास करतो.

एक प्रसंग सांगते. करड्या रंगाची एक सेक्शन ए घोडी माझ्याकडे होती, पहिल्यांदा तिला लाकडी फळीवरून न्यायचं होतं, जमिनीवर ठेवलेली साधी फळी, उंची काही नाही. थरोब्रेड, म्हणजे रेसचा घोडा, असता तर बुजून चार पावलं बाजूला उडाला असता. ही थांबली, मान खाली घातली, फळीच्या कडेला नाक लावून फुरफुरली, मग एक पुढचा खूर उचलून फळीवर दोनदा आपटला, ठक ठक, आवाज ऐकला, परत पाय खाली घेतला. मी दोरी सैल सोडून नुसती उभी. मिनिटभराने ती आपली आपण चालत पलीकडे गेली, आणि त्यानंतर त्या फळीकडे तिने कधी वळूनही बघितलं नाही. आता त्या मिनिटात मी दोरी खेचली असती, मागून चाबूक दाखवला असता, तर काय शिकली असती? फळी आली की माणूस अंगावर येतो. मग लोक म्हणाले असते हट्टी आहे. वेल्शला विचार करायला वेळ लागतो आणि तो वेळ अडल्यासारखा दिसतो, हा फरक ज्याला ओळखता येतो त्याचं अर्धं काम झालं.

आता सेक्शनबद्दल, कारण 'वेल्श' म्हणून सगळे एका माळेत ओवतात ते बरोबर नाही. वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी १९०१ मध्ये झाली, पुढच्याच वर्षी पहिलं स्टडबुक, म्हणजे वंशावळीची नोंदवही, आलं, आणि आजची विभागणी अशी की ए म्हणजे १२ हँडपर्यंत, बी रायडिंग टाइपचा १३.२ पर्यंत, सी तेवढ्याच उंचीचा पण कॉब बांध्याचा, म्हणजे भरदार आणि दणकट, आणि डी म्हणजे १३.२ च्या वरचा वेल्श कॉब, त्याला वरची मर्यादा नाही. (हे १३.२ म्हणजे साडेतेरा बरं का, एक हँड चार इंचाचा, त्यामुळे टिंबानंतरचा आकडा इंचांचा. तुमचा ११.३ म्हणजे ४७ इंच, साधारण ११९ सेंटिमीटर. बरेच नवीन लोक इथे गोंधळतात.) बी मध्ये बाहेरचं रक्त जास्त, अरब, बार्ब (उत्तर आफ्रिकेतली जात), थरोब्रेड, त्याचा पाया मानला जातो तो टॅन-इ-बुल्ख बर्विन हा १९२४ चा स्टॅलियन बार्ब बापाचा होता, त्यामुळे बी दिसायला नाजूक, चालीला लांब, आणि थोडा तापट, म्हणजे लवकर पेटतो. सी आणि डी मध्ये ताकद आणि जोश, दुडकी चाल अशी की बघत राहावं, पण त्या जोशाला रोज काम लागतं, रिकामा ठेवलात तर तो स्वतःसाठी काम शोधतो आणि ते तुम्हाला आवडत नाही. ए बहुतेक वेळा यांच्यापेक्षा डोक्याने थंड पण डावपेचात वस्ताद. हे सगळं ढोबळ हां, मी अतिशय शांत डी बघितलेत आणि एक सेक्शन ए असा की त्याच्या पाठीवर मांजर बसलं तरी उधळेल. शेवटी समोरचा पोनी बघायचा, कागदावरचं अक्षर नाही.

तर शिकतो कसा. घोडा बहुतांश दाब आणि सुटका यातून शिकतो. दोरीवर हलका ताण दिला, त्याने एक पाऊल पुढे टाकलं, त्या क्षणी ताण सोडला, की तो शिकला की पाऊल टाकलं म्हणजे सुटका. ताण शिकवत नाही, सोडणं शिकवतं. आणि सोडायचं ते त्याच सेकंदाला, तीन सेकंदांनी सोडलं तर तोवर त्याने मान वर केलेली असते आणि मग सुटका मान वर करण्याला मिळते. मोठ्या घोड्यांमध्ये बरेचदा अशा चुका पचून जातात, वेल्श मात्र दोन तीन वेळात पकडतो.

आता लहान मुलाचा नेहमीचा सीन डोळ्यासमोर आणा. पोनीने गवतासाठी मान खाली घातली, मुलीच्या हातातून लगाम सर्रकन निघाला, ती पुढे आयाळीवर कोसळली, आणि पोनीला मिळालं काय, तर दाब गेला आणि वर तोंडात गवत! डबल बक्षीस. दुसऱ्या दिवशी तो तेच करतो, जरा जोरात. आठवड्याने सगळे म्हणतात डांबरट आहे. अहो तुम्ही आठवडाभर त्याला ट्रेन केलंत की, आणि उत्तम ट्रेन केलंत.

याहून इरसाल एक सांगते. एका कुटुंबाने पोनी पाठवला, तक्रार अशी की अरीनाच्या एका कोपऱ्यात गेला की थांबतो, काही केलं तरी हलत नाही, लाथ झाडतो. मी त्यांना म्हटलं मला तुमच्याकडे येऊन बघू दे. बघितलं तर उतरायचं स्टूल त्याच कोपऱ्यात, मुलगी रोज तिथेच उतरायची, तिथेच सॅडल, म्हणजे खोगीर, सैल करायची, तिथेच खिशातून गाजर. आणि मुलगी घाबरून रडायला लागली की आई धावत येऊन तिथेच उतरवायची. म्हणजे त्याने बरोबर ओळखलं होतं की हा कोपरा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी लवकर हवी असेल तर जरा पाय झाडायचा. आम्ही स्टूल उचलून दुसरीकडे ठेवलं, रोज वेगळ्या जागी उतरायचं ठरवलं, त्या कोपऱ्यात उलट जास्तीचे दोन चक्कर, कोपरा सोडून बाहेर पडला की आराम आणि खाजवणं. नऊ दहा दिवस लागले. आधीच्या ट्रेनरने म्हणे तिथे चाबकाने मारून बघितलं होतं, त्याने तो फक्त तिथे कान मागे टाकायला शिकला होता.

आणि आता ती गोष्ट जी फार कुणी बोलत नाही. लहान पोनी बिघडतात याचं सगळ्यात मोठं कारण स्वभाव नाही, उंची आहे. बारा हँडच्या पोनीवर अनुभवी मोठा माणूस बसू शकत नाही. सरसकट हिशोब असा धरतात की सॅडलसकट वजन पोनीच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं, तुमचा पोनी समजा २३० किलोचा तर ४६ किलो झाले, त्यात सॅडल आलं. म्हणजे १६ हँडचा घोडा बिघडला की त्याला ट्रेनर बसून सुधारतो, आणि पोनी बिघडला की त्याच्यावर परत तेच ८ वर्षांचं मूल. सगळ्यात कमी अनुभवी रायडर सगळ्यात हुशार प्राण्यावर, आणि दोष पोनीचा. म्हणून वेल्श घ्यायचा तर पहिला प्रश्न हा विचारा की याला आठवड्यातून दोन तीनदा मुलीशिवाय दुसरं कोण शिकवणार आहे.

त्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे हलक्या वजनाची, चांगली बसणारी किशोरवयीन मुलगी, यार्डात अशी एखादी असतेच, तिला आठवड्यातून एकदोनदा बसवायचं. दुसरा मार्ग लाँग रेनिंग, आणि हा मला जास्त आवडतो कारण हा तुम्ही स्वतः शिकू शकता. दोन लांब दोऱ्या, बिटपासून (तोंडातली लगामाची कडी) किंवा सुरुवातीला नुसत्या हेडकॉलरपासून (डोक्यावरचा पट्टा), सॅडलच्या रिकिबीतून ओवून मागे तुमच्या हातात, आणि तुम्ही मागे, जरा एका बाजूला, पायाच्या टप्प्याबाहेर चालत राहायचं. थांबणं, चालणं, वळणं, दुडकी, एकट्याने गेटबाहेर जाणं, ट्रॅक्टरशेजारून जाणं, सगळं पाठीवर न बसता शिकवता येतं. मी प्रत्येक वेल्श शिंगराला, साधारण तीन वर्षांचं झालं की, आधी असंच जगात फिरवते. पाठीवर माणूस चौथ्या वर्षी, तेही थोडा थोडा वेळ, कारण पाठीच्या कण्याची हाडं पूर्ण पक्की व्हायला पाच सहा वर्षं लागतात. फक्त पहिल्यांदा एकट्याने करू नका, दोऱ्या पायात गुंतल्या तर प्रकरण अंगाशी येतं, कुणाकडून तरी हातात हात धरून शिका.

सेशन छोटे ठेवा. पंधरा मिनिटं खूप झाली. वेल्शला एकच गोष्ट चाळीस वेळा करायला लावलीत तर दहाव्या वेळेला तो कंटाळतो आणि अकराव्या वेळेला स्वतःची व्हर्जन काढतो. तीनदा नीट केलं की सोडून द्या, दुसरं काहीतरी करा, फिरायला न्या. खाऊने शिकवायचं की नाही यावर लोक भांडतात, माझं मत असं की खाऊ चालतो पण खिशातून नाही, हातातून झोंबून नाही, त्याने तोंड सरळ समोर ठेवलं की मगच. जे मूल येता जाता उगाच पोलो मिंट चारतं ते दोन आठवड्यांत चावरा पोनी तयार करतं. चावतो म्हणजे दुष्ट नाही, खिसा तपासतो.

गवताकडे मान ओढण्यावर ग्रास रेन्स म्हणून पट्टे मिळतात, बिटपासून सॅडलपर्यंत, लहान मुलासाठी मी ते वापरते, लाज वाटायचं कारण नाही. पण ते नेहमीच्या चालण्यात पूर्ण सैल असले पाहिजेत, मान खाली जाताना शेवटीच लागले पाहिजेत, आवळून बांधले तर पोनी वेगळाच लढा सुरू करतो.

आता एक माझी चूक. साडेतीन पावणेचार वर्षांचा एक सुंदर चेस्टनट, म्हणजे तांबूस रंगाचा पोनी, माझ्याकडे होता, दोन महिने इतका छान चालला की मी सगळ्यांना दाखवत होते. आणि एका आठवड्यात बिघडला. बिट घेताना मान आकाशात, डावीकडे वळायचं नाही, लगाम जरा धरला की मागे सरायचं. मी म्हटलं आला, वेल्श डोकं बाहेर आलं, आणि मी चार पाच दिवस त्याच्याशी पेशन्सने का होईना पण भांडत राहिले. मग एकदा तो पेंड खाताना बघितलं तर घास तोंडात फिरवून अर्धा चावलेला गोळा खाली टाकतोय. दातांच्या डेंटिस्टला बोलावलं. डाव्या बाजूच्या दाढेवर दुधाच्या दाताची टोपी अर्धी सुटून हिरडीत रुतलेली. ती काढली, तीन दिवस आराम, आणि पोनी परत पहिल्यासारखा. घोड्याचे २४ दुधाचे दात साधारण अडीच ते साडेचार या वयात पडतात, म्हणजे नेमकं ज्या वयात आपण तोंडात बिट घालतो त्याच वयात, हे मला पुस्तकी माहीत होतं आणि तरी मी पहिल्यांदा त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवलं. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, अचानक बदललेला पोनी म्हणजे आधी दात, मग पाठ आणि सॅडल, मग खूर, आणि सगळं ठीक निघालं तरच स्वभाव.

खुरांवरून मुख्य मुद्दा येतो, खाणं. डोंगरातल्या जेमतेम चाऱ्यावर जगायला घडलेला प्राणी आपण हिरव्यागार कुरणात सोडतो, आणि वर बादलीभर मिक्स, म्हणजे तयार खुराक, देतो. त्याचे दोन परिणाम. पहिला, अंगात रग येते, कामाला दोन तास आणि खाणं रेसच्या घोड्याचं, मग तो उड्या मारणारच, त्याला ट्रेनिंगची नाही, बादली काढून घेण्याची गरज असते. दुसरा आणि जास्त गंभीर, लॅमिनायटिस, खुराच्या आतल्या थरांना होणारा आजार, जाड पोनींमध्ये याचा धोका फार, आणि वेल्श त्या यादीत वरच आहे. सुरुवातीला तो लंगडतच असेल असं नाही. कडक जमिनीवर आखडून छोटी पावलं टाकतो, वळताना नको नको करतो, पुढच्या पायांवरचा भार मागे घेऊन उभा राहतो, आणि वरचा माणूस म्हणतो आळशी आहे, टाच मार. खुराच्या वरच्या सांध्याच्या (फेटलॉकच्या) मागे दोन्ही बाजूंना बोट ठेवून नाडी बघायला शिका, नेहमी जेमतेम लागते, ती ठणठण उडायला लागली की काम बंद आणि व्हेटला फोन, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. वसंतातलं गवत धोक्याचं हे सगळ्यांना माहीत असतं, पण थंडीत रात्री दव गोठलंय आणि सकाळी लख्ख ऊन पडलंय तेव्हाही गवतात साखर साठलेली असते, हे बरेच जण विसरतात. मानेचा वरचा भाग कडक आणि फुगलेला लागला तर तुमच्या बघितलेल्या पोनीच्या बाबतीतही हा प्रश्न विचाराच, की आधी कधी लॅमिनायटिस झालाय का, आणि उत्तर लेखी घ्या.

आता तुमचा हा ११.३ वाला. ६ वर्षं वय वाईट नाही पण मुलीच्या पहिल्या पोनीसाठी मी दहाच्या पुढचा सुचवला असता, ज्याने दोन चार मुलं वाढवलेली आहेत, असे पंधरा सोळा वर्षांचे वेल्श अजून ठणठणीत असतात आणि सोन्यासारखे असतात. मुलगीही नवीन आणि पोनीही नवीन, तर दोघांपैकी कुणालाच उत्तर माहीत नसतं. तरी हाच मनात भरला असेल तर तो किती वर्षं आणि कुणाखाली चालतोय ते विचारा, लहान मुलाने तो चालवलेला व्हिडिओ नाही, प्रत्यक्ष बघा. पोनीचा पासपोर्ट (त्याचं ओळखपत्र) आणि मायक्रोचिप जुळतात का ते तपासा. व्हेटकडून तपासणी करून घ्या आणि रक्त घ्यायला सांगा, ते सहा महिने जपून ठेवतात, उद्या 'गरीब गाय' आठवड्याने वाघ निघाली तर त्या दिवशी शांत करायचं औषध दिलं होतं का ते तपासता येतं. आणि जमलं तर विकत घ्यायच्या आधी थोडे दिवस लोनवर, म्हणजे वापरून बघायला, मागा. नाही म्हणाले तर लगेच वाईट समजू नका, बरेच चांगले लोकही लहान पोनी बाहेर देत नाहीत.

दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा अर्धा तास आधी पोचा. पहिल्या वेळेला तो तुमच्यासाठी खरारा करून, सॅडल घालून, कदाचित आधी तासभर फिरवून उभा केलेला असणार. यावेळी तो पॅडॉकमध्ये मोकळा असताना म्हणा की मुलीला पकडू दे. ती हेडकॉलर घेऊन जाते तेव्हा तो मान वर करून तिच्याकडे बघतो का, पाठ फिरवतो का, की सरळ तिच्या खिशाकडे येतो, एवढंच बघून मला लिहा. गेटमधून बाहेर येताना तो तिच्या मागे चालला की तिला ओढून पुढे आला हेही. बाकीचं त्यावरून सांगते.